मोठ्याईच्या हातावरचा डाग

माझ्या मानेवर, उजव्या कानाच्या खाली, चार बोटं लांबीचा व्रण आहे. व्रणाशी माझं भांडण नाही. परभणीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी गाठ काढली तेव्हाचा तो आहे, आणि ती गाठ निघाली नसती तर हे लिहायला मी उरले नसते. भांडण आहे ते व्रणाभोवतीच्या काळ्या डागाशी. तो डॉक्टरांनी केला नाही, माझ्या मोठ्याईनं केला. मोठ्याई म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. लोक म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता सोडून द्या. सोडून द्यायचं असतं तर मी लिहायलाच कशाला बसले असते?

आमचं गाव पालमच्या पुढं, एसटी दिवसातून दोनदा. चुलते आणि वडील एकत्र राहायचे, चूल एकच, आणि त्या चुलीवर राज्य मोठ्याईचं. तिला हातगुण आहे असं आजूबाजूची चार गावं मानायची. पोराचं पोट धरलं, पायात बाभळीचा काटा मोडला, कुणाचा खांदा उतरला की माणसं आमच्या ओसरीवर येऊन बसत. कुणाच्याही घरी लग्न निघालं की पहिली हळद लावायला बोलावणं तिलाच. तिचा हात लागला की संसार सुखाचा होतो, असं बायका म्हणायच्या. मोठ्याई ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच चार जणींना सांगायची.

माझी माय तिची धाकटी जाऊ. भाजीत मीठ किती टाकायचं हेसुद्धा ती जावेला विचारायची. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं माय का बोलली नाही असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही पुष्कळ वर्षं तेच वाटत होतं.

गाठ काढली तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि माझी सोयरीक ठरलेली होती. मुलगा ताडकळसला मास्तर होता. बघायला आला तेव्हा बाकीच्यांनी मला चालून दाखव, वेणी दाखव असं सगळं करायला लावलं, त्यानं विचारलं, "शाळेत कोणता विषय आवडायचा?" मी म्हणाले, "भूगोल." तो म्हणाला, "मग शाळा कशाला सोडली? लग्नानंतर परीक्षेला बसा की." एवढंच. पण मला तोवर कुणी काही विचारलेलंच नव्हतं. मी त्या एका वाक्यावर त्याच्याशी लग्न करायला तयार झाले, आणि आजही मला त्यात काही चूक दिसत नाही. मला ते लग्न हवं होतं. लाज कसली सांगायला?

टाके निघाले, जखम छान भरली. पण व्रणाच्या दोन्ही बाजूंची कातडी फिकट पडली. माझा रंग सावळा, त्यात ती फिकट पट्टी लांबून दिसायची. दवाखान्यातून सोडताना तिथल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "रंग जाईल आणि येईल. खोबरेल तेल चोळ, उन्हात पदरानं झाकून ठेव, वर्षभर वाट बघ." वर्षभर! लग्नाला दोन महिने राहिले होते. आणि गावात पांढऱ्या डागाला एकच नाव होतं, कोड. पाणवठ्यावर एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं, ते मी पाहिलं.

मोठ्याईनंही ते पाहिलं असणार. एका दुपारी तिनं मला परसात बोलावलं आणि समोर पाट टाकला. तिच्या हातात बिब्बा होता, दाभण होतं, शेजारी पेटती चिमणी. तिचा हिशेब साधा होता. पांढरं झालंय तर काळं करू, थोडंसं, अंगाच्या रंगाला मिळेल एवढंच. बिब्ब्याच्या तेलाची खूण कपड्यावरून कधी जात नाही, मग कातडीवर का टिकू नये?

माय दारात उभी होती. ती म्हणाली, "बाई, नाजूक जागा हाय. उतला तर?"

"माज्या हातानं आजवर कुणाला उतलाय का? तू जा, भाकरी टाक."

माय गेली. मोठ्याईनं दाभण तापवून बिब्ब्यात खुपसलं, टोकावर काळं तेल आलं, ते तिनं माझ्या मानेवर ओढलं. एकदा नाही, दोन्ही बाजूंनी, अगदी निगुतीनं, सणाला पाट रंगवावा तसं. मी मान वाकडी करून बसले होते. मला खरंच वाटत होतं की आता सगळं नीट होणार.

बिब्बा उतला. ज्यांना उतला असेल त्यांना सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा उजवा डोळा उघडेना. मानेवर पाण्याचे फोड, त्यांतून गळणारं पाणी जिथं लागेल तिथं नवा फोड. खाज अशी की मायनं माझे हात बांधून ठेवले. मोठ्याई आली, बघितलं, आणि सुकं खोबरं आणि तीळ घेऊन आली. "खोबरं चावून खा, तीळ वाटून लाव," ती म्हणाली. बिब्ब्यावरचा उतारा तोच, सगळ्यांना ठाऊक. मग माझ्या मायला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "बिब्ब्याचं कुठं बोलू नकोस. लोक माज्याकडं येतेत, इश्वासानं येतेत." मी डोळे मिटून पडले होते, कान मिटलेले नव्हते.

चौथ्या दिवशी ताडकळसची मंडळी आली. बस्ता बांधायला मानवतला जायचं होतं, म्हणून मुलाची आई आणि आत्या आधी आमच्या घरी उतरल्या. मला आत लपवून ठेवायचं ठरलं होतं, पण आत्या हात धुवायच्या निमित्तानं आत आली आणि मला हाताला धरून ओसरीवर उजेडात घेऊन गेली. माझं तोंड सुजलेलं, मान काळी-लाल, मधे व्रण, अंगावर माशा.

"हे काय झालंय पोरीला?" आत्यानं विचारलं.

 आत्या मोठ्याईकडे वळली, कारण तिची कीर्ती तिच्याही कानावर होती. "तुमी तर जाणत्या हाव. आपरेशनचंच हाय का काही दुसरं? काही चिघळणारं दुखणं तर न्हाई? आमाला पुढं पोरंबाळं बघायचीत."

मोठ्याईच्या हातात अडकित्ता होता. तिनं सुपारी धरली, कातरली, पुन्हा धरली. एक वाक्य पुरलं असतं. मीच बिब्बा लावला, तो उतला, आठ-पंधरा दिवसांत उतरेल. बस. आत्या चिडली असती, दोन शब्द बोलली असती आणि चहा पिऊन मानवतची एसटी धरली असती. मोठ्याई तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. माय म्हणाली, "ते जरा औषध..." आणि मोठ्याईनं तिच्याकडे पाहिलं. मायचं वाक्य तिथंच राहिलं. मी बोलायला हवं होतं. पण ओठ इतके सुजले होते की माझ्या तोंडून जे आलं ते कुणालाच कळलं नाही. आत्यानं माझा हात सोडला आणि तो हात आपल्या लुगड्याला पुसला.

इथं मी प्रामाणिकपणे सांगते. बिब्बा तिनं माझं वाटोळं करायला लावला असं मी कधी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. लावला तो चांगल्यासाठीच. गप्प बसली ती मात्र स्वतःसाठी. आणि त्या गप्प बसण्याचं फळ तिला पंधरा दिवसांत मिळालं. ताडकळसच्या लोकांचं सगळं ठरलेलं होतं, तारीख धरलेली, वाजंत्री सांगितलेली. त्यांनी निरोप पाठवला की थोरल्या भावाची मुलगीही लग्नाची आहे ना, तिला द्या. मोठ्याईची लेक माझ्याहून चार महिन्यांनी लहान. मांडव तोच, तारीख तीच, नवरी बदलली. मी माजघरात मानेला तीळ लावून बसले आणि बाहेर माझ्याच लग्नाची वाजंत्री ऐकली. माझ्या चुलतबहिणीचा दोष नव्हता. तिला कुणी विचारलंही नव्हतं. पण तिला भूगोल आवडत नव्हता, एवढं मला ठाऊक होतं.

फोड बसले, खपल्या पडल्या आणि खाली राहिला हा डाग. डांबरासारखा काळा, मधून व्रणाची पांढुरकी रेघ. त्यानंतर दोन ठिकाणांहून बघायला आले आणि चहा न पिता गेले. मग वडिलांनी मला परभणीला नर्सच्या शिक्षणाला घातलं. ज्या पोरीला कुणी करून घेत नाही ती शिकली तरी कुणाची हरकत नसते.

तिथं माझा राग कमी व्हायला हवा होता. उलट वाढला. कातडीच्या रोगांच्या खोलीत माझी पाळी लागली तेव्हा तिथल्या वयस्कर सिस्टरनी माझी मान वळवून बघितली आणि विचारलं, "हे कुणी भाजलं?" मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, टाक्यांच्या भोवतीचा रंग असाच जातो. हात लावला नसतास तर वर्षात परत आला असता. आता हा काळा मात्र राहणार." त्या दिवशी मी जेवले नाही. म्हणजे दवाखान्यातून सोडताना सिस्टरनी सांगितलं तेच खरं होतं, काहीच करायला नको होतं! नुसतं तेल, पदर आणि धीर. माझं सगळं एवढ्यावरून गेलं.

शिकले मात्र मन लावून. फिकट डाग दिसला की बाईला डोळे मिटायला लावायचे आणि कापसाची वात डागावर हलकेच टेकवायची. कुठं टेकवली हे तिनं बोटानं दाखवलं की महारोगाची भीती बहुतेक गेली. मग डागावर पतंगाचा पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं त्याची कड उतरवून घ्यायची. महिन्या-दोन महिन्यांनी तोच कागद पुन्हा ठेवायचा. कड पुढं सरकली नाही, नवे डाग उठले नाहीत, तर ते कोड नव्हे, व्रणाचाच रंग. ही कागदाची युक्ती त्या सिस्टरांची. पुढं माझी नेमणूक आमच्याच भागातल्या उपकेंद्रात झाली आणि हे कागद माझ्या टेबलाच्या खणात साठत गेले. ऑपरेशनच्या शिबिरांचे ते दिवस. कुणाच्या पोटावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या गालावर गळू कापल्याची खूण. प्रत्येकीला मी दम देऊन सांगायची, "तेल लाव, ऊन लागू देऊ नको, खाजवू नको. आन् घरात कुणी बिब्बा घेऊन आलं तर आधी मला बोलव." बायका हसायच्या. मी हसत नसे.

मग एके दिवशी त्या रांगेत मोठ्याई आली.

तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर काळपुळी झाली होती. तालुक्याच्या दवाखान्यात कापली, टाके पडले, जखम भरली आणि भोवती रुपयाएवढी जागा पांढरी पडली. सावळ्या हातावर तो डाग हाका मारत होता. ती रांगेत सगळ्यात शेवटी बसली. सगळ्या गेल्यावर तिनं पदराखालून हात काढला.

"बघ गं बाई. तेच हाय का ते?"

मी तिला डोळे मिटायला लावले. वात टेकवली. तिनं बरोबर जागा दाखवली. कागद ठेवून कड उतरवली, कोपऱ्यात तारीख टाकली. "तेल चोळा, हात झाकून ठेवा, महिन्यानं या," म्हणाले. औषधात मी बेइमानी केली नाही. ती महिन्यानं आली, पुन्हा महिन्यानं आली. असे पाच महिने. कड केसभरही सरकली नाही. उलट आतून तिळाएवढे सावळे ठिपके उमटायला लागले होते. रंग परत यायला लागला की तसाच येतो. मला ते दिसत होतं. मी तिला सांगितलं नाही.

आणि गावातल्या बायका मला विचारत, "नर्सबाई, तुमच्या मोठ्याईला कोड उठलं म्हणतेत, खरं का?" मी म्हणायची, "अजून तपासायलोय." खोटं नव्हतंच ते. पण एवढं वाक्य गावाला पुरे होतं. संक्रांतीला तिच्या हातचा तिळगूळ बायकांनी घेतला आणि पदराला बांधून घरी नेऊन गुरांपुढं टाकला. एका लग्नात हळदीला तिला बोलावणं आलं नाही, मग दुसऱ्यात आलं नाही. ओसरीवर काटा काढायला कुणी येईना. हे सगळं मी ऐकत होते, आणि मला बरं वाटत होतं. भात मुरल्यावर झाकण काढून बघावं तसं मी दर आठवड्याला कुणाकडून तरी खबर काढत असे.

मग तिच्या धाकट्या लेकाचं लग्न निघालं. लग्न आमच्या दारात, म्हणून नवरीकडची मंडळी गावच्या शाळेत उतरली होती. सकाळी अंगणात नवऱ्या मुलाला हळद लागायची होती आणि त्याची उष्टी हळद शाळेत नवरीकडे जायची होती. ती न्यायला नवरीची मावशी वाटी घेऊन आली. हळदीचं ताट मोठ्याईच्या पुढ्यात होतं. स्वतःच्या लेकाला हळद लावायची होती तिला. गावानं नाही बोलावलं तरी हे घर तिचं होतं. तिनं बोटं हळदीत बुडवली आणि पदर सरकला.

मावशी पुढं झाली. "जरा थांबा. त्या हाताची हळद आमच्या पोरीच्या अंगाला लागणार हाय. लोक काय काय बोलायलेत, आमच्या कानावर हाय." आणि ती माझ्याकडे वळली. "नर्सबाई, तुमी सरकारी माणूस. तुमीच सांगा. कोड हाय का न्हाई?"

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. माझ्या पिशवीत तिचा कागद होता. तो मी मुद्दाम आणला होता, हे आज कबूल करते. का आणला होता ते मात्र मला अजून नीट सांगता येत नाही. एक शब्द, न्हाई, एवढा म्हटला असता तर ती हळद लागली असती. मोठ्याई माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत विनवणी नव्हती. ती नुसती वाट बघत होती.

मी बोलले नाही. मी पिशवीचा बंद आवळला आणि गप्प उभी राहिले. किती वेळ? सुपारीचं एक खांड कातरायला लागतो तेवढा.

मोठ्याईनं बोटं ताटाच्या कडेला पुसली. उठली. ताट तिनं आपल्या लेकीच्या हातात दिलं, ताडकळसला दिलेल्या त्याच लेकीच्या. "तू लाव," म्हणाली आणि परसात गेली. नवरा मुलगा पाटावर मान खाली घालून बसला होता. बायकांनी गाणं सुरू केलं.

मी तिच्या मागं गेले. का गेले? बघायला गेले. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते नीट बघितल्याशिवाय कशी राहू? ती रांजणापाशी हात धूत होती. मी पिशवीतून कागद काढून तिच्यापुढं धरला.

"हा बघा. पाच महिन्यांपूर्वीचा डाग आन् आत्ताचा. वाढला न्हाई. कोड न्हाई हे. मला पैल्यापास्नं मालूम होतं."

तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हावं अशी माझी इच्छा होती. तिनं कागदाकडे पाहिलंच नाही. हात लुगड्याला पुसले आणि म्हणाली, "मला बी मालूमच होतं की तवा, बिब्बाच हाय म्हणून. मी बोलले न्हाई. आज तू बोलली न्हाईस. फिटलं बाई."

फिटलं! इतक्या सहज म्हणाली ती. एका सकाळची हळद गेली तिची. तीही लेकीच्याच हातानं लागली. नवरा गेला नव्हता, घर गेलं नव्हतं, आणि फिटलं. मी म्हणाले, "तुमचं फिटलं आसंल. माजं न्हाई." ती हळदीचं ताट परत आलं का ते बघायला आत गेली. मी जेवायला न थांबता एसटीनं निघाले.

त्यानंतर ती उपकेंद्रात आली नाही. पण तेल चोळायचं आणि हात झाकायचं मी सांगितलेलं तिनं सोडलं नाही. सांगितलेलं इमानानं करायची तिची सवयच होती. पुढच्या दिवाळीपर्यंत हातावरचा डाग भरून आला. लोक विसरले. ओसरीवर पुन्हा माणसं बसायला लागली, हळदीची बोलावणी सुरू झाली. आणि ती स्वतः सगळ्यांना सांगत सुटली, "आमच्या पोरीनं बरं केलं, लय गुणाचा हात हाय तिचा." माझ्याकडे आणखी गावांतून बायका यायला लागल्या.

पुढं खूप वर्षांनी ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं अंग पुसायला मीच जात होते. नर्स होते, घरची होते, दुसरं कोण जाणार? एकदा मी तिचा उजवा हात खिडकीशी उजेडात धरून नीट बघितला. टाक्यांची बारीक रेघ होती, भोवती सगळा तिचाच सावळा रंग, कुठंही कमी नाही, जास्त नाही. डाग नेमका कुठवर होता हे मलासुद्धा कागदाशिवाय सांगता आलं नसतं. तिनं डोळे उघडले आणि माझ्या मानेकडे बघितलं. "तुजं तेवढं राहिलं बघ," ती म्हणाली. मी पाणी बदलायला बाहेर गेले. माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ डाग बरे झाले. त्यांतला हा एक बरा केल्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.